भवनाचं स्टेज आणि तालमीचा उंबरा

लिहायला बसलोय खरा, पण हे आपलं काम नाही ही भीती अजून गेलेली नाही. तेव्हा वाचणाऱ्यांनी आधीच मोठ्या मनानं माफ करावं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. आप्पा, म्हणजे माझे वडील, निपाणीला तंबाखूच्या वखारीत हमाली करतात. आई घरी विड्या वळते. घरात पेन असायचं, पण लागलं की शोधावं लागायचं. बेळगावला कॉलेजात मराठीच्या सरांनी विचारलं, "गावातल्या एखाद्या जागेविषयी लिहिशील का?" मी म्हणालो, "सर, आमच्याकडं चार माणसं जमायच्या जागा दोनच. समुदाय भवन आणि तालीम." ते म्हणाले, "मग दोन्हींविषयी लिही."

लिहून पाहिलं. पण दरवेळी जागा मागं राहिल्या आणि माझी धाकटी बहीण पुढं आली. तीही कौतुकानं नाही. मला तिचा हेवा वाटतो. हे थोरल्या भावाला शोभत नाही, मला कळतं. पण त्या दोन जागांची हकीकत तिला वगळून सांगता येत नाही आणि तिच्याविषयी लिहिताना हेवा वगळता येत नाही. जमेल तसं लिहितो.

आमचं गाव निपाणीहून सदलग्याकडं जाताना लागतं. बाजार भरतो म्हणून त्याला आम्ही शहर म्हणतो, बेळगावचे मित्र खेडं म्हणतात. एस.टी. थांबते तिथंच समुदाय भवन आहे. दारावर कन्नडमध्ये मोठी अक्षरं, आत एक लांबलचक हॉल आणि टोकाला सिमेंटचं स्टेज. लग्नं तिथंच, साखरपुडे तिथंच, डोळ्यांचं शिबिर तिथंच, मंत्री आले तर सत्कारही तिथंच. स्टेजच्या मागच्या भिंतीवर फार पूर्वी कुणीतरी नाटकासाठी राजवाडा रंगवला होता. खांब, झुंबरं, एक मोर. तो कुणी पुसला नाही. त्यामुळं आमच्या गावातल्या कुठल्याही जोडप्याच्या लग्नाचा फोटो बघा, ती दोघं राजवाड्यात उभी असतात आणि नवऱ्याच्या डोक्यामागून मोराची मान निघालेली असते. स्टेजच्या डाव्या हाताला दार आहे, ते स्वयंपाकाच्या भांड्यांच्या खोलीत उघडतं. नाटकात डावीकडनं बाहेर पडणाऱ्या नटानं पातेल्यात पाय घालायचा नाही, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलं जायचं.

तालीम रस्त्याच्या पलीकडं, तळ्याच्या अंगाला. चारी बाजूनं दगडी गडगा, पुढं फाटक, फाटकाला दगडी उंबरा. आत मोकळं अंगण आणि मागं पत्र्याची शेड. शेडीत तांबड्या मातीचा हौदा, म्हणजे कुस्तीचा खड्डा, आणि बाजूच्या कोनाड्यात मारुती. हौद्याच्या कडेनं दगडी कट्टा. त्या उंबऱ्याच्या आत बायकांनी यायचं नाही. तसं कुठं लिहिलेलं नव्हतं आणि कुणी कुणाला सांगितलेलंही मी ऐकलं नाही. आई आप्पांना बोलवायला गेली की उंबऱ्याच्या अलीकडं उभी राहून हाक मारायची आणि आतलं कुणीतरी ती हाक पुढं पोचवायचं.

आप्पा तरुणपणी चांगले पैलवान होते. आता लढत नाहीत, पण हौद्याची माती त्यांच्याकडं आहे. ती उकरायची, ओली ठेवायची, खडा लागला तर वेचायचा. मी लहान असताना ते मला खांद्यावर घेऊन तालमीत जायचे. माझ्या अंगाला ती माती सोसली नाही. पुरळ यायचं, खाजवून रक्त निघायचं. शेवटी तालमीच्या वस्तादांनी आप्पांना सांगितलं, "ह्येचं अंग ह्या कामाचं न्हाय. साळंत घाल, चांगलं शिकंल." ते प्रेमानंच म्हणाले. आप्पांनी मान हलवली आणि दुसऱ्या दिवसापासून मला न्यायचं बंद केलं. त्यांनी कधी राग केला नाही. पण मला पुस्तकं मिळाली आणि खांदा गेला, असं तेव्हा वाटलं ते वाटलंच.

मग मला भवनाचं स्टेज मिळालं. गावात नाटक मंडळ होतं, ते यात्रेला दरवर्षी नाटक करायचं. मंडळाचे मास्तर दिवसा कपडे शिवायचे आणि संध्याकाळी आम्हाला उभं राहायला शिकवायचे. आधी मी पडदा ओढला, मग भालदार झालो, मग बोलायची कामं मिळाली. तोंडाला रंग लागला की मला अंगाची लाज वाटायची नाही. त्या राजवाड्यासमोर उभा राहून बोलायला लागलो की शेवटच्या रांगेतल्या बायका गप्प व्हायच्या. ती शांतता मला फार आवडायची. आई दरवर्षी यायची. आप्पा कधीच आले नाहीत. "तोंड रंगवून सोंग करत्यात, त्यात काय बघायचं?" असं म्हणून ते तालमीत जाऊन बसायचे. यात्रेत कुस्त्या असायच्या, त्यामुळं कारणही असायचं.

बहिणीची गोष्ट तिच्या हायस्कूलमध्ये सुरू झाली. धारवाडकडच्या एक पी.टी. मॅडम बदली होऊन आल्या होत्या. त्यांनी कबड्डीत बघितलं की ही एकदा पाय धरला की सोडत नाही. एका संध्याकाळी त्या घरी आल्या. आईनं विड्यांचं सूप बाजूला सारून चटई टाकली.

"तुमच्या मुलीला कुस्तीला घालायचं री," मॅडम म्हणाल्या. त्यांच्या मराठीत प्रत्येक वाक्याला कन्नडमधलं 'री' लागायचं, आपल्याकडच्या 'हो'सारखं.

आई हसली. "पोरींची कुस्ती कुठं असती व्हय?"

"असते री. मेडल असते, नोकरी असते."

आप्पा भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी बहिणीकडं पाहिलं. तिच्या खांद्याकडं, मग मनगटाकडं, मग पायांकडं. वखारीत माल आल्यावर बघतात तसं नव्हे. वेगळं. माझ्याकडं त्यांनी तसं कधी पाहिलं नव्हतं. मग म्हणाले, "तालमीत न्हाय जमायचं. पोरी आत येत न्हाईत."

"तालीम कशाला री? मॅट आणते मी."

आणि त्यांनी खरोखर आणली. कुठं कुठं खेटे घातले ते त्यांनाच ठाऊक, पण एके दिवशी टेम्पो भवनासमोर थांबला आणि त्यातून निळ्या फोमचे चौकोन उतरायला लागले. गावानं तिला लगेच गादी म्हणायला सुरुवात केली. हॉलमध्ये ती टाकता येईना, कारण तिथं पंगती बसतात, आमटी सांडते. मग उरलं स्टेज. चौकोन एकमेकांना लावले, वरून मोठं पिवळं कापड ओढलं आणि खालून दोऱ्यांनी करकचून बांधलं. अर्धं गाव ओढायला होतं. राजवाड्यासमोर आता कुस्तीचं मैदान झालं.

मी आणि मास्तर हॉलमध्ये उभे राहून बघत होतो. मास्तरांच्या गळ्यात अजून शिलाईची टेप होती.

"मास्तर, आपला सराव?" मी विचारलं.

"हितं खाली करायचा."

"खाली कुठं? खाली खुर्च्या हाईत."

"मग खुर्च्यांस्नी दाखवायचं नाटक," मास्तर म्हणाले. "त्या उठून तरी जात न्हाईत."

बाकीचे हसले. मला हसू आलं नाही. स्टेजवर बहीण अनवाणी उभी होती, पायाच्या बोटांनी गादी दाबून बघत होती. तिनं माझ्याकडं बघून हात हलवला. मी पण हलवला. पोटात मात्र दुखायला लागलं.

त्यानंतर आमचा सराव हॉलच्या एका कोपऱ्यात आणि पुढं भांड्यांच्या खोलीत व्हायला लागला. सकाळ-संध्याकाळ गादीवर पोरींची धडपड चालायची. आप्पा तालमीतनं निघून भवनात यायला लागले. ज्या हॉलमध्ये ते माझं नाटक बघायला कधी आले नव्हते, तिथं ते पहिल्या रांगेत खुर्ची टाकून बसायचे आणि ओरडायचे, "पट काढ! पट काढ गं! पाय धर तिचा, हात कुठं गेला तुझा?" भांड्यांच्या खोलीत मी संवाद म्हणत असायचो आणि ऐकू यायचे ते आप्पा.

खरं तर स्टेज तिलाही पुरतं मिळत नव्हतं, हे मला लिहिलं पाहिजे. लग्नसराई आली की गादीवर ताडपत्री पडायची, ताडपत्रीवर लाल कापड, त्याच्यावर नवरा-नवरीचा सोफा. नवरीच्या मैत्रिणी टाचांच्या चपला घालून तिथं फोटो काढायच्या आणि पी.टी. मॅडम दारातून बघत कानशिलं धरायच्या. आठवडेच्या आठवडे तिचा सराव बंद राहायचा. ती घराच्या पत्र्याखाली दोरीवरच्या उड्या मारायची आणि रस्त्याच्या पलीकडं तालमीत पोरं रोज, लग्न असो नसो, मातीत लोळत असायची. एकदा ती मला म्हणाली, "अण्णा, मला गादी न्हाय मिळाली तरी चालंल. मला रोज उघडी असणारी जागा पायजे."

"मलाबी," मी म्हणालो. ती हसली. तिला वाटलं मी चेष्टा करतोय.

दरम्यान मी बेळगावला कॉलेजात आलो. इथं नाटकाची थिएटरं आहेत. पहिल्यांदा आत गेलो तेव्हा प्रयोग कमी बघितला आणि पडदा जास्त. तो कुणी न ओढता सरकत होता. इथल्याच शहापूर भागातला एक मित्र शेजारी बसला होता. त्याच्या घरात माग चालतात. तो म्हणाला, "मखमल चांगली न्हाय, उसवली हाय." मला ती उसवलेली मखमलसुद्धा गावाला न्यावीशी वाटली. तिथल्या पोरांचा मला हेवा वाटला. पण तो परक्याचा हेवा होता. लवकर विरला.

घरातला विरला नाही. जिल्ह्याच्या निवडीसाठी बहीण बेळगावला आली, तेव्हा तिच्याबरोबर आप्पा आले. मी कॉलेजात प्रवेश घेतला तेव्हा त्यांना वखारीतून सुट्टी मिळाली नव्हती. हॉस्टेल बघायलाही ते आले नव्हते. आता नवीन टोपी घालून आले. आम्ही तिघं सिटी बसमधून स्टेडियमकडं चाललो होतो. वाटेत आमचं कॉलेज लागलं. मी म्हटलं, "आप्पा, हे माझं कॉलेज."

"हे व्हय?" त्यांनी खिडकीतून पाहिलं. "मोठं हाय की." आणि लगेच बहिणीकडं वळून म्हणाले, "केळं खाल्लंस न्हवं? लढायच्या आधी पानी लई पिऊ नको."

कॉलेज मागं गेलं. त्या दिवशी ती सुरुवातीच्या कुस्त्या जिंकली आणि पुढं हरली. पी.टी. मॅडम म्हणाल्या, "ताकद आहे री, सराव नाही. रोज पाहिजे, रोज."  परतताना बस थांब्यावर आप्पांनी तिच्या मानेवर हात ठेवला आणि बस येईपर्यंत काढला नाही.

त्याच हिवाळ्यात मी नाटक लिहिलं. मोठं नव्हतं. वखारीत आयुष्यभर हमाली केलेला एक माणूस कामाच्या शेवटच्या दिवशी घरी जायच्या ऐवजी रिकाम्या वखारीत बसून राहतो, एवढंच. तो माणूस आप्पाच होते. हे मी मास्तरांना सांगितलं नाही, पण वाचून झाल्यावर ते म्हणाले, "तुझ्या आप्पांस्नी बोलवायला पायजे." त्यातलं एक वाक्य मला स्वतःला आवडायचं. हमाल दिवसभर माल चढवून झाल्यावर कंबरेवर हात ठेवून उभा राहतो आणि म्हणतो, "पोतं लॉरीत चढलं रं, पाठ कुठं सरळ झाली?" हमालाचं काम मीच करणार होतो. यात्रेच्या संध्याकाळी स्टेजवरची गादी काढून द्यायची असं मॅडमनी कबूल केलं होतं. त्या एका संध्याकाळसाठी मी कितीतरी दिवस बेळगावच्या हॉस्टेलमध्ये आरशासमोर वाकून उभा राहत होतो. एका संध्याकाळपुरतं का होईना, स्टेज माझं असणार होतं.

यात्रेआधी तालमीत माती मुरवतात. ताक, तेल, हळद, लिंबाचा रस, कापूर असं सगळं मातीत कालवतात. आम्ही त्याला मातीला जेवण घालणं म्हणतो. जेवलेली माती मऊ होते, अंगाला लागत नाही, जखमेवर बसली तर जखम पिकत नाही. त्या वर्षी कालवण जास्त झालं. वस्ताद पोरींच्या कुस्तीच्या विरोधात होते असं सगळे समजायचे, पण माणूस मनाचा मऊ. घागरीत उरलेलं बघून ते पोरांना म्हणाले, "गादी झाली तरी कुस्तीचीच जागा हाय ती. हिकडची माती जेवली आन् पोरींची जागा उपाशी ठिवायची व्हय? जावा, घाला."

पोरं गेली. मन लावून घातलं त्यांनी. पिवळ्या कापडावर ताक ओतलं, तेल ओतलं, हळद भुरभुरली आणि मातीत कालवतात तसं हातांनी चोळून चोळून मुरवलं. वरून उदबत्ती लावली. सांध्यांतून सगळं फोममध्ये उतरलं.

मी त्याच दुपारी बेळगावहून आलो आणि पिशवीसकट भवनात गेलो. आंबट वास दारातच आला. पी.टी. मॅडम स्टेजसमोर उभ्या होत्या. त्या कन्नडमध्ये बोलायला लागल्या, मग थांबल्या, मग नुसतं गादीकडं बोट दाखवत राहिल्या. एक पोरगी गादीवर चढायला गेली आणि सरळ घसरून राजवाड्याच्या मोराखाली जाऊन बसली.

वस्ताद धावत आले. त्यांना वाटलं शाबासकी मिळेल. मॅडमचा चेहरा बघून ते पोरांवर ओरडले, "किती ओतलासा रं?"

"तुम्हीच म्हणालासा उपाशी ठिवू नका," एक जण पुटपुटला.

कापड सोडलं, चौकोन सुटे केले, साबणानं धुतले. मॅडम म्हणाल्या, उन्हात टाकायचे नाहीत, उन्हात फोम आखडतो, छपराखाली पंख्याच्या वाऱ्याला सुकवायचे. मग ते स्टेजभर पसरले, हॉलभर पसरले, भांड्यांच्या खोलीतसुद्धा भिंतीला टेकवून ठेवले. पाय ठेवायला जागा नाही. यात्रा तोंडावर आलेली. म्हणजे माझ्या वाट्याची ती एक संध्याकाळही गेली. मी स्टेजच्या पायरीवर बसलो. बहीण बादली घेऊन चौकोन पुसत होती, तिचे डोळे लाल झाले होते. मला तिची दया यायला पाहिजे होती. माझ्या मनात आलं, हिची गादी आजारी पडली तरी झोपायला माझंच स्टेज घेते.

"चुकी माझी हाय," वस्ताद म्हणाले. त्यांनी डोक्यावरचा पटका काढून हातात घेतला होता. "नाटक बंद पडाय नगं. तालमीत करा."

मास्तरांनी माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं. तालमीत नाटक कुणी ऐकलंसुद्धा नव्हतं.

"पर एक," वस्ताद म्हणाले. "मारुतीकडं पाठ करायची न्हाय."

आमचं अख्खं नाटक एका दिवसात आडवं झालं. शेडीतल्या दगडी कट्ट्यावर उभं राहायचं, मारुती उजव्या हाताला कोनाड्यात, प्रेक्षक समोर अंगणात. तिकडं जायचं तर तोंड देवाकडं आणि बाहेर पडायचं तर उलट्या पावलांनी. मास्तर म्हणाले, "वखारीतला हमाल उलटा चालतोय ते बघून लोक म्हणतील, लई दमलाय बिचारा." रंग आणि कपडे आम्ही गडग्याच्या मागं उरकले.

दिवेलागणीला नाटक सुरू व्हायचं होतं. पुरुष अंगणात येऊन बसले. आप्पा पण आले, पण नाटकासाठी नव्हे. दुसऱ्या दिवशी सकाळी हौद्यात कुस्त्या होत्या आणि नाटकाच्या गर्दीत लहान पोरं मुरवलेल्या मातीत उतरून ती तुडवतील म्हणून त्यांनी काठी घेतली आणि हौद्याच्या कडेला, मातीकडं तोंड करून, माझ्याकडं पाठ करून बसले. मी कट्ट्यावर उभा राहिलो तर मला आप्पांची पाठच दिसत होती.

आणि बायका दिसत नव्हत्या. माझं नाटक बघायला सगळ्यात जास्त कोण येतं, तर बायका. त्या आल्या होत्या. फाटकाबाहेर, रस्त्यावर उभ्या होत्या. पोरं कडेवर, काहींनी घरून पोती आणलेली बसायला. यात्रेचे ट्रॅक्टर त्यांच्या अंगावरून हॉर्न वाजवत जात होते. सगळ्यात पुढं उंबऱ्याला पाऊल टेकून आई उभी होती. नेहमीच्या सवयीनं ती हाक मारण्यासाठी थांबावी तशी.

वस्ताद येरझाऱ्या घालत होते. एक ट्रॅक्टर इतका जवळून गेला की बायका किंचाळून गडग्याला चिकटल्या. वस्ताद फाटकात गेले आणि जोरात ओरडले, "मरायचं हाय काय रस्त्यावर? आत या की! चपला भाईर काढा आन् आत या!"

कुणी हललं नाही.

"वैनी, तुम्ही या आधी," ते आईला म्हणाले.

आईनं शेडीत आप्पांकडं बघितलं. मग चपला काढल्या आणि उंबऱ्याच्या आत आली. तिच्यामागून सगळ्या आल्या. फाटकाबाहेर बायकांच्या चपलांचा ढीग झाला. बायका अंगणात एका बाजूला बसल्या, डोक्यावर पदर घेऊन, आधी मारुतीला हात जोडून. मग मास्तरांनी घंटा वाजवली.

नाटक बरं चाललं होतं. लोक गप्प होते. मी ओळखीच्या त्या शांततेत उभा होतो आणि माझं वाक्य जवळ येत होतं. तेवढ्यात बहीण उठली. तिच्याबरोबरच्या दोन पोरीही उठल्या. ती बायकांच्या रांगेतून वाकून निघाली, शेडीत आली आणि हौद्याच्या कडेला आप्पांच्या शेजारी बसली. खाली वाकली, मातीत हात घातला, चिमूटभर उचलली आणि कपाळाला लावली.

अख्ख्या अंगणानं तिकडं पाहिलं. वस्तादांनी पाहिलं. आईनं पाहिलं. मी कंबरेवर हात ठेवून उभा राहिलो आणि म्हणालो, "पोतं लॉरीत चढलं रं, पाठ कुठं सरळ झाली?"

एकाही डोळ्यानं माझ्याकडं पाहिलं नाही. तिनं एक शब्दही न बोलता माझी जागा पुन्हा एकदा घेतली होती. आप्पांची मान तिच्याकडं वळली, मग परत मातीकडं. माझ्याकडं काही वळली नाही. मी उरलेलं नाटक पूर्ण केलं आणि उलट्या पावलांनी बाहेर पडलो.

दुसऱ्या दिवशी गावात एकच बोलणं होतं, काल तालमीत बाया गेल्या. कुणी रागानं बोलत होतं, कुणी हसून. नाटकाविषयी एकानंही काही म्हटलं नाही. आईनं फक्त म्हटलं, "वाळला होतास रं सोंगात." तालमीच्या पंचांनी वस्तादांना जाब विचारला तर ते म्हणाले, "आल्या त्या आल्या. मारुती कुठं उठून गेला काय?" बहीण आता आत येऊ शकते का, हे पंच बसून ठरवणार होते. मी बेळगावला परतलो. ती बसपर्यंत सोडायला आली. ती आनंदात होती आणि मला तिच्याशी नीट बोलता आलं नाही.

बरेच दिवस काही कळलं नाही. मी मुद्दामच विचारलं नाही. मग एका सकाळी कॉलेजला निघालो होतो, तेव्हा तिचा फोन आला.

"अण्णा, झालं!" ती धापा टाकत होती. "पंचांनी हो म्हटलं. सकाळी पोरं गेल्यावर आम्ही यायचं. रोज! आप्पांनी आज मला हाताला धरून आत नेलं. त्यांनी माती उकरली, मी खडं येचलं."

मी म्हणालो, "चांगलं झालं." मला तो हौदा आठवला, तो खांदा, ते पुरळ.

"गादीबी तालमीच्या शेडीत न्यायची हाय म्हणत्यात मॅडम. भवनाचं स्टेज मोकळं झालं बघ तुला."

"बरं."

"बरं काय? तुला पायजे होतं न्हवं?"

पाहिजे होतं. पण ज्या हौद्यात जायला मला खांदा लागायचा, तिथं ती आता स्वतःच्या पायांनी रोज जाणार होती आणि मला मात्र रिकामं स्टेज, मोराची मान आणि पातेली. मी फोन ठेवायच्या बेतात होतो.

"अण्णा, थांब की. एक सांगायचं ऱ्हायलं," ती म्हणाली. "आप्पा माती उकरून दमलं. खोरं टेकवलं, कंबरेवर हात ठिवला आन् म्हणालं, 'पोतं लॉरीत चढलं रं, पाठ कुठं सरळ झाली?' मी म्हटलं, आप्पा, हे अण्णाच्या नाटकातलं हाय. तर म्हणालं, 'म्हाइत हाय की. त्या दिवशी तोंड तिकडं हुतं, कान कुठं झाकलंते?'"

माझं वाक्य होतं. आप्पांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकायला मिळालं ते तिला. रस्त्यावरची गर्दी मला ढकलत पुढं जात होती. मी तिला म्हटलं, परत सांग. आप्पा कसं म्हणाले, अगदी तसंच म्हणून दाखव.